न पुसलेली रेषा

रेष काढायला बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही. उंबरठ्यापाशी बसून चिमटीतून रांगोळी सोडताना आपण दुसरं काय करतो? चिमूट किती दाबायची, वळणावर किती सैल सोडायची, हे हाताला बरोबर ठाऊक असतं. मेंदीचा कोन, भरतकामाचा टाका, ब्लाऊजच्या कापडावर ओढलेली खडूची खूण... सगळ्या रेषाच की! पण या साऱ्या रेषांची परीक्षा एकच. सरळ आली का? एकसारखी आली का? मध्येच हात हलला तर नाही? ‘काय स्वच्छ हात आहे हो तुमचा!’ ही आपल्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी.

मी तालुक्याच्या गावात चित्रकलेचे वर्ग घेते. सकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुली येतात आणि दुपारी, घरचं आवरून, काही गृहिणी. पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या एका हातात पेन्सिल असते आणि दुसऱ्या हातात खोडरबर. महिनाअखेर पाहावं तर पेन्सिलपेक्षा रबर जास्त झिजलेला! नाक काढायचं, पुसायचं. खांदा काढायचा, पुसायचा. शेवटी कागदावर उरतं ते अगदी गुळगुळीत, निर्जीव असं काहीतरी. मग मी त्यांना एक चित्र दाखवते.

एका वयस्क बाईनं कोळशानं काढलेलं स्वतःचंच चित्र आहे ते. साल १९३३. ती चित्राच्या फळ्यासमोर बसलीये आणि आपल्याला एका बाजूनं दिसते. चेहरा मन लावून काढलाय. कोळसा धरलेली बोटंही नीट दिसतात. पण खांद्यापासून त्या बोटांपर्यंतचा हात? तो काढलेलाच नाही! तिथं आहे एक जाड, काळी, झटक्यासरशी खालीवर ओढलेली नागमोडी रेघ. बाही नाही, कोपर नाही, घडी नाही. कोळशाची कांडी आडवी धरून नुसती सपासप फिरवलेली.

‘मॅडम, हे अर्धवट राहिलंय का?’ हा प्रश्न ठरलेला. मी उलट विचारते, ‘या बाईच्या अंगातला सगळा जोर कुठे आहे असं वाटतं?’ एका सुरात उत्तर येतं, ‘हातात!’

बघा, जो हात काढलाच नाही, तोच सगळ्यांना दिसला. असं का झालं? कारण हात काढताना तिच्या हातानं जी हालचाल केली, तीच हालचाल कागदावर उतरलीये. रांगोळी आपण बोटांनी काढतो, अक्षर मनगटातून काढतो. ही रेघ थेट खांद्यातून आली आहे.

केथे कोलवित्झ हे या चित्रकर्तीचं नाव. जन्म ८ जुलै १८६७चा, तेव्हाच्या प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरातला. (ते शहर आज रशियात आहे, कॅलिनिनग्राड या नावानं.) आणि १९३३ हे तिच्या आयुष्यातलं साधंसुधं वर्ष नव्हतं. त्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. डाव्या पक्षांनी आपसातली भांडणं विसरून त्याला अडवावं, असं एक जाहीर आवाहन फेब्रुवारीत निघालं. त्यावर केथेनं आणि तिच्या डॉक्टर नवऱ्यानं सही केली होती. त्या सहीपायी तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. शिकवणं गेलं, स्टुडिओ गेला. १९१९ मध्ये याच अकादमीनं तिला सभासद करून घेतलं होतं, प्राध्यापक ही पदवी दिली होती, आणि तेही बायकांना तिथं जवळपास मज्जाव असताना! ते सगळं गेलं. अशा वर्षी पासष्टी गाठलेली ही बाई कोळसा हातात घेते आणि स्वतःचं चित्र काढते. काय काढते? तर काम करणारी मी!

आता ती रेघ पुन्हा आठवून पाहा. ती कोरून-कोरून, नीटनेटकी काढली असती तर हे सगळं त्यात आलं असतं का?

माणसाचं शरीर काढायला शिकणं ही त्या काळी मोठी शिस्तीची गोष्ट होती. युरोपातल्या अकादम्यांमध्ये मुलं आधी प्लास्टरचे पुतळे बघून काढत, मग जिवंत माणूस समोर बसवून. रेष म्हणजे शरीराची हद्द. जमिनीच्या मोजणीसारखी ती बिनचूक हवी! मुलींना तर या शिस्तीचाही लाभ नव्हता. केथे बर्लिनमध्ये आणि म्युनिकमध्ये शिकली ती फक्त बायकांसाठी असलेल्या वेगळ्या कलाशाळांत, कारण अकादमीचे दरवाजे मुलींना बंद होते. बर्लिनमधल्या तिच्या शिक्षकांनी एक मात्र ओळखलं, की हिचा जीव रंगांत नाही, रेषेत आहे. त्यांनी तिचं लक्ष माक्स क्लिंगर या चित्रकाराच्या कामाकडे वळवलं. रंगीत चित्रानं जगाचं सौंदर्य दाखवावं, पण जगण्याची काळी बाजू सांगायला रेखाचित्रच हवं, असं क्लिंगरचं म्हणणं होतं. ते केथेला पटलं. पुढे आयुष्यभर तिनं रंगांना फारसा हात लावला नाही.

१९०० च्या आसपास रेषेची ती जुनी शिस्तही सैल होत गेली. पॅरिसमध्ये रोदँ हा मोठा शिल्पकार मॉडेलवरची नजर न हटवता, कागदाकडे न बघता रेषा ओढू लागला. पुढच्या काही वर्षांत व्हिएन्नातल्या एगॉन शीले या तरुणानं हाडं टोचावीत अशा काटेरी रेषेत माणसं काढली. तो १९१८ मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी गेला. आणि मातिस! त्याच्या रेषा तर एका श्वासात काढल्यासारख्या. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण मुद्दा एकच. काढणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय चाललंय, तेही रेषेतून उतरतं. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी माहेराहून पत्र यायचं तेव्हा मजकूर वाचायच्या आधीच अक्षरावरून कळायचं, आईनं हे घाईत लिहिलंय की रडत लिहिलंय. तसंच आहे हे.

केथे १९०४ मध्ये शिल्पकला शिकायला पॅरिसला गेली होती. तेव्हा ती रोदँला जाऊन भेटलीसुद्धा. पण तिची स्वतःची रेषा पॅरिसहून आलेली नाही. ती आली नवऱ्याच्या दवाखान्यातून.

१८९१ मध्ये तिचं डॉक्टर कार्ल कोलवित्झशी लग्न झालं. बर्लिनच्या उत्तरेला, कामगारांच्या वस्तीत त्याचा दवाखाना होता आणि बिऱ्हाडही तिथंच. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांना धास्ती वाटली होती. ज्या बापानं मुलीला हौसेनं चित्रकला शिकवली, त्यालाच वाटलं की आता संसार आणि चित्रं दोन्ही हिला जमायचं नाही. (हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं, सांगा बरं!) पण झालं उलटंच. नवऱ्याकडे औषधाला येणाऱ्या बायका हिच्याजवळ येऊन बसू लागल्या. दुखण्यापेक्षा घरचंच जास्त बोलायच्या. नवऱ्याचं काम सुटलंय, तो पितो, पुन्हा दिवस गेलेत... शाळेत जे मॉडेल मिळालं नाही, ते असं दारात येऊन बसलं. वाकलेली पाठ, पोटावर ठेवलेला हात, दोन्ही तळव्यांत धरलेलं डोकं. थकलेली बाई कशी बसते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

तिला दोन मुलगे झाले, १८९२ मध्ये हान्स आणि १८९६ मध्ये पेटर. ही लेकरं लहान असतानाच तिनं विणकरांच्या उठावावरची चित्रमालिका केली. १८४४ मध्ये सायलेशियातल्या उपाशी विणकरांनी केलेला तो उठाव. पहिल्याच चित्रात घरातच माग आहे, समोर आजारी लेकरू आणि डोकं धरून बसलेली आई. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांना यातलं काही समजावून सांगायला नको. १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात या मालिकेला सुवर्णपदक द्यावं असं परीक्षकांनी सुचवलं. कैसर दुसरा विल्हेल्म, म्हणजे खुद्द सम्राट, त्यानं नकार दिला! १९०६ मध्ये घरी बसून मोलानं काम करणाऱ्या बायकांच्या प्रदर्शनासाठी केथेनं एक भित्तिपत्रक केलं. त्यातली दमलेली बाई पाहून सम्राज्ञीनं निरोप धाडला, ते पत्रक काढल्याशिवाय मी प्रदर्शनाला येणार नाही. एका थकलेल्या चेहऱ्याची राजवाड्यालाही भीती वाटते ती अशी.

पुढे १९१०मध्ये, मुलं मोठी होऊन हाताशी भरपूर वेळ आल्यावर, केथेनं रोजनिशीत एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. आता आपण गाय चरते तसं शांतपणे काम करतो खरं, पण पूर्वी वेळ इतका तुटपुंजा असूनही जास्त काम व्हायचं, कारण तेव्हा आपण सगळ्यांत जीव गुंतवून जगत होतो, असं तिला वाटतं. ‘पोरं मोठी झाली की करीन’ म्हणत पेटी माळ्यावर टाकणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते.

तिचं १९०३चं एक चित्र आहे, ‘मेलेलं मूल घेतलेली बाई’. मांडी घालून बसलेल्या आईनं मुलाचं कलेवर असं कवटाळलंय की कुठे आई संपते आणि कुठे मूल सुरू होतं ते कळत नाही. तिचं तोंड लेकराच्या छातीत खुपसलेलं. यासाठी मॉडेल कोण होतं माहितीये? ती स्वतः आणि सात वर्षांचा पेटर. आरशासमोर बसून, एका हातावर पोराला पेलून, दुसऱ्या हातानं ती काढत होती. ओझ्यानं तिला कण्हायला आलं तेव्हा पेटरनंच तिची समजूत घातली, की आई, चित्र खूप छान होणार आहे. प्रदर्शनात ते पाहून तिची जिवाभावाची मैत्रीण चरकली. छोट्या पेटरला काही झालं तर नाही ना?

त्याला ‘काही’ झालं, ते अकरा वर्षांनी. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. अठरा वर्षांच्या पेटरला सैन्यात जायचं होतं. वय कमी, त्यामुळे वडिलांची परवानगी हवी होती. कार्ल तयार नव्हता. पेटरनं आईकडे पाहिलं आणि आईनं वडिलांना राजी केलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये पेटर मारला गेला.

यावर काय लिहावं?  त्याच्या स्मारकाला ती लागली आणि ते पूर्ण व्हायला १९३२ साल उजाडलं. अठरा वर्षं! गुडघे टेकलेले आईबाप, वेगवेगळ्या दगडांवर, एकमेकांना न बघणारे. बाप स्वतःलाच हातांनी आवळून ताठ बसलेला, आई पुढे वाकलेली. बेल्जियममधल्या व्लाडस्लो इथल्या सैनिकांच्या दफनभूमीत ते आज आहेत.

याच वर्षांत तिची रेषा बदलली. आधीच्या चित्रांत बारीक-बारीक रेषांचं जाळं असायचं. आता एक-एक रेष कमी होत गेली. युद्धावरच्या मालिकेसाठी तिनं आधी धातूच्या पत्र्यावर कोरून पाहिलं, मग शिळाछाप करून पाहिलं. (आपल्याकडे रविवर्म्याची चित्रं घरोघर गेली ती याच शिळाछापानं.) काहीच मनासारखं होईना. १९२०मध्ये एर्न्स्ट बार्लाख या कलावंताचे लाकडी ठसे तिनं पाहिले आणि तिनंही लाकूड आणि छिन्नी हाती घेतली. लाकूड कोरताना लाड चालत नाहीत. गेलेला टवका परत बसवता येत नाही, तिथं रबर कसला! १९२१-२२ मध्ये या मालिकेचे सात ठसे झाले. त्यातल्या ‘आईबाप’ या चित्रात दोन माणसं दुःखानं एकमेकांत इतकी मिसळलीत की एकच काळा डोंगर दिसतो.

तेव्हा मैत्रिणींनो, एक गैरसमज काढून टाकू. भावना ओतलेली रेषा म्हणजे वाटेल तशी ओढलेली रेघ नव्हे. केथेच्या एका ठोसर रेषेमागे टाकून दिलेली कितीतरी चित्रं आहेत. शरीर कुठे वाकतं, वजन कुठल्या पायावर येतं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच काय सोडून द्यायचं हे ती ठरवू शकली. स्वयंपाकात मुरलेली बाई वाटी-चमच्याशिवाय मीठ घालते, तसं. नवख्या हातानं तसं करून कसं चालेल?

याच रेषेनं तिनं १९२४ च्या सुमारास भित्तिपत्रकं केली. एकात रिकाम्या वाट्या वर करून बघणारी भुकेली मुलं. एकात आईच्या अंगाला झोंबणारी दोन पोरं आणि आपल्याकडे पाठ केलेली ती आई. तिचा चेहरा दिसतच नाही. पण ती पाठ पाहिली की कळतं, घरात भाकरी नाही. अर्ध्या मिनिटात, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही कळतं.

दुसऱ्या महायुद्धात तिचा नातू गेला, १९४२ मध्ये. त्याचंही नाव पेटर. त्याच सुमारास तिनं आपलं शेवटचं शिळाछाप केलं. एक म्हातारी आई तीन मुलांना हातांखाली दडवून बसली आहे, कोंबडीनं पिलं घ्यावीत तशी. मुलं खट्याळ, बाहेर डोकावणारी, आणि तिचे हात भक्कम, कुणालाही सोडणार नाहीत असे. चित्राचं नाव आहे, ‘बियाणं दळायचं नसतं’. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगायची गरज नाही. कितीही उपास पडले तरी पेरणीचं बी जात्यात घालत नाहीत. २२ एप्रिल १९४५ ला केथे गेली. युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या लोकांचं झालं, आमचं काय? मग आमच्याच वर्गातली गोष्ट सांगते. नववीतल्या एका मुलीनं आजीचे हात काढले. आजी शेंगा फोडत बसलेली. पोरीनं बोटांचे पेर, फुगलेल्या शिरा, वाकडा अंगठा, सगळं सहा-बीच्या पेन्सिलनं दाबून-दाबून काढलं. एका ठिकाणी तर कागद फाटता-फाटता वाचला. चित्र एका स्पर्धेला गेलं आणि शेरा मिळाला, ‘काम अस्वच्छ’. मुलगी हिरमुसली. घरी आईही म्हणाली, ‘अगं, आजीचे हात इतके वाईट का दाखवलेस? जरा बरे काढायचेस की.’

आजीनं मात्र ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. मग वाकड्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘हा गिरणीच्या पट्ट्यात आला होता. तुझा बाप पोटात होता तेव्हा.’ घरात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. सुनेला नाही, नातीला नाही. पोरीनं तो अंगठा ‘बरा’ काढला असता तर ती कधी कळली असती का? परीक्षेला बसायचं तर रेष स्वच्छ हवीच, ते मी मुलींना शिकवतेच. पण ते शिकवताना पोरीचा हात इतका घाबरट होऊ नये की समोरचा वाकडा अंगठाही तिला सरळ करावासा वाटावा. मला काळजी आहे ती याची.

तुम्हालाही करून पाहायचंय? फार काही लागत नाही. मुलांची पाठकोरी पानं चालतील. कोळशाची कांडी मिळाली तर उत्तम, नाहीतर जाड मऊ पेन्सिल. घरात कुणीतरी काम करत असेल, त्याच्या पाठीकडे बसा. हो, पाठच! चेहरा काढायला बसलो की ‘सारखा आला का?’ याचीच धास्ती वाटते. पाठीला ती भानगड नसते. आधी मिनिटभर नुसतं बघा. वजन कुठे आहे? मान कुठे वाकली आहे? मग कांडी आडवी धरून, बोटांनी नाही तर खांद्यापासून हात हलवत, मानेपासून कमरेपर्यंतची एकच रेघ ओढा. जिथं शरीरावर ताण आहे तिथं दाबा, जिथं सैल आहे तिथं सोडा, अगदी रांगोळीच्या चिमटीसारखं. चुकलीशी वाटली तर शेजारी दुसरी रेघ ओढा, पहिली असू द्या. पाच मिनिटं झाली की थांबा आणि पानावर तारीख घाला. आठवडाभर रोज एक. आठव्या दिवशी सगळी पानं जमिनीवर मांडून बघा, कुठल्या पाठीत जीव आलाय ते.

केथेची चित्रं मोबाइलवरही बघायला मिळतात. कोलोनमध्ये आणि बर्लिनमध्ये तिच्या नावाची संग्रहालयं आहेत आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते १९३३चं कोळशाचं चित्र आधी शोधा. त्या हाताच्या रेघेवरून एकदा हवेतच बोट फिरवून पाहा. किती जोर लागला असेल, ते तुमच्या खांद्याला कळेल.

आणि रबर? तो तेवढा आठवडा मुलांच्या कंपासपेटीतच राहू द्या.